शारजा, तालुका कुठला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दोन देशांतलं बालपण आणि दोन देशांतली शाळा यांची तुलना करा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा प्रथम वाटलं, हा विषय लंडन-अमेरिकेत राहून आलेल्या एखाद्या प्राध्यापकांना द्यायला हवा होता. मी बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. जन्म सोपारा गावात, संसार वसईत. परदेश पाहिला तो धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी शारजाला गेले तेव्हा, आणि नंतर आणखी एकदा, तेवढाच. पण मग लक्षात आलं, या विषयावर बोलू शकणार नाही असं घर आमच्या मोहल्ल्यात शोधावं लागेल. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा जावई दम्मामला, कुणाची नातवंडं मस्कतला. आमच्याकडे मोठी सुट्टी दोनदा येते. मे महिन्यात इथल्या मुलांची आणि जुलैत आखातातून येणाऱ्या मुलांची. ही पाहुणी मुलं येतात तेव्हा धो धो पाऊस असतो आणि इथल्या मुलांच्या शाळा चालू असतात. मग ती दिवसभर खिडकीत बसून चिखल पाहतात आणि संध्याकाळी भिजून परतलेल्या मावसभावंडांचा हेवा करतात.

तुलना म्हटली की लोक एका बाजूला वातानुकूलित वर्ग ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला गळकं छप्पर. नंतर कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, पण गळक्या छपराखालचं बालपण किती रम्य! गळकं छप्पर माझ्या वाट्याला आलेलं आहे. ते अजिबात रम्य नव्हतं. दप्तर मांडीवर घेऊन, पाय वर उचलून बसावं लागे, आणि त्या दिवशी शिकवलेलं काही डोक्यात शिरत नसे. तेव्हा मला त्या तुलनेत रस नाही. मला पाहायचं आहे ते वेगळंच. शाळा मुलाला कुठलं समजते? आणि मूल स्वतःला कुठलं समजतं?

आखात आमच्या गावाला नवीन नाही. सोपारा हे अशोकाच्या काळातलं बंदर; त्याच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले आहेत. अरब व्यापारी इथे येत-जात होते. पण एवढं मागे जायला नको. एकेकाळी कुवेत, दुबई, शारजा इथल्या बाजारात आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, दुबई-शारजाकडे रुपया १९६६ पर्यंत टिकला. आमच्या गल्लीतले एक बुजुर्ग सांगायचे, "आम्ही गेलो तेव्हा परदेशी गेलो असं वाटलंच नाही, खिशात रुपयाच होता." माणसं आधी गेली. बायकामुलं नेण्याइतका पगार थोड्यांनाच, आणि तोही नंतर. मुलं गेली म्हणून शाळा निघाल्या. दुबईची इंडियन हायस्कूल १९६१ ची आहे. तिथल्या सरकारी शाळा मुख्यतः त्या देशाच्या नागरिकांच्या मुलांसाठी. आपल्या मुलांनी आपल्या शाळेत जायचं, फी भरून.

आता माझी शाळा. सोपाऱ्यात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, सातवीपर्यंतची. आमच्या घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली. आम्ही तिला कोकणी म्हणतो, पण ती गोव्याची कोंकणी नव्हे. म्हणजे घरात कोकणी आणि शाळेत उर्दू. पहिली परकी भाषा मला सहाव्या वर्षीच भेटली, फक्त ती परकी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास मी उर्दूतून शिकले. हे सांगितलं की अजूनही लोक चकित होतात. त्यात चकित होण्यासारखं काय आहे? बालभारतीचं पुस्तक, तेच प्रसंग, फक्त अक्षरं उजवीकडून डावीकडे.

सातवीत आम्ही अकरा मुली होतो. उर्दू हायस्कूल गाडीनं जाण्याच्या अंतरावर होतं. अब्बा परळच्या गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि जूनमध्ये मी आठवीत जायची होते. मुलीच्या रेल्वे पासाला पैसे नव्हते. सहज चालत जाता येईल अशी मराठी हायस्कूल मात्र होती. अब्बांनी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून ते मला तिथे घेऊन गेले. अकरांपैकी तिघी पुढे शिकलो. मराठीशी माझं नातं कसं जुळलं, असं मुलाखतीत विचारतात, तेव्हा मोठं काहीतरी सांगावं अशी अपेक्षा असते. खरं उत्तर एवढंच आहे की पासाला पैसे नव्हते.

त्या जूनमध्ये मी देश न बदलता देश बदलला. (याचा कुणी भलता अर्थ काढू नये.) ज्याला मी मुसल्लस म्हणत होते तो त्रिकोण झाला. रकबा म्हणजे क्षेत्रफळ, जरब म्हणजे गुणाकार, तकसीम म्हणजे भागाकार. गणित मला येत होतं. गणिताचे शब्द येत नव्हते. गुरुजी विचारत आणि मी गप्प बसे. मग वर्ग समजायचा की हिला गणित येत नाही. नकाशानं मला वाचवलं. भूगोलाच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा नकाशा दोन्ही भाषांत तोच होता, नद्या त्याच जागी होत्या. नदीवर बोट ठेवायचं आणि खालचं नाव वाचायचं, असं करत मी देवनागरीचा वेग वाढवला. ळ मात्र आमच्या तोंडात नव्हता. आमच्या भागातल्या कितीतरी बोलींत ळ चा ल होतो. आगरी मैत्रीणही शाला म्हणायची, मीही शाला म्हणायची, पण हसू माझ्यावर व्हायचं. मिठागराच्या वाटेनं जाताना मी बाळ, माळ, तळं, वेळ असं मोठ्यानं म्हणत जाई. ती वाट नसती तर माझा ळ झाला नसता. हे मी विनोदानं सांगत नाही. शाळेइतकाच शाळेचा रस्ताही शिकवत असतो, आणि शारजातल्या मुलांकडे नेमकं तेच नव्हतं.

पण त्याआधी कुवेतची दोन मुलं.

१९९० च्या जुलैत आमच्या शेजारी एक बाई दोन मुलांना घेऊन सुट्टीवर आल्या. २ ऑगस्टला इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. मुलांचे वडील तिकडे अडकले. पुढे त्या दोन महिन्यांत एअर इंडियानं अम्मानहून जवळजवळ पाचशे उड्डाणं करून एक लाखाहून जास्त माणसं मुंबईत आणली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर सिनेमाही निघाला. पण विमानातून उतरलेल्या मुलांचं पुढे काय झालं, त्याचा सिनेमा निघाला नाही. ती शाळेत गेली. सत्र निम्मं झालेलं, दाखला नाही, गुणपत्रिका नाही, आणि जिथून दाखला आणायचा ती शाळाच बंद.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि शिकवण्या करत होते. थोरला माझ्याकडे यायचा. सातवीतला मुलगा, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. तो नवी पुस्तकं घ्यायलाच तयार नव्हता. "आमची शाळा १ सप्टेंबरला उघडते," म्हणायचा. रोज सकाळी तिथलं दप्तर भरून ठेवायचा. आई काही बोलायची नाही, कारण नवऱ्याचीच काही खबर नव्हती. १ सप्टेंबर उजाडला, गेला. दोन तारखेला तो माझ्याकडे आला आणि न विचारता मराठीचं पुस्तक काढून बसला. वडील सप्टेंबरअखेर आले, बसनं बगदादवरून अम्मान आणि तिथून विमानानं, हातात एक पिशवी घेऊन. इथल्या मुख्याध्यापकांनी मुलाला समोर बसवून गणिताचा पेपर सोडवून घेतला आणि सातवीत बसवलं. आज त्याचं वसईत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. कुवेतला तो पुन्हा गेला नाही. त्याच्या लहान भावाला मात्र ते दिवस आठवतही नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांत सोपाऱ्याची सवय झाली होती. वयाचा हा फरक मी नंतरही पाहिला. तेरा-चौदाव्या वर्षी मुळं उपटली तर त्याचा आवाज ऐकू येतो.

आता शारजा. माझी भाची तिथे २००७ मध्ये जन्मली. एका चौदा मजली इमारतीत दोन खोल्या. सकाळी पावणेसहाला शाळेची बस. शाळेत दोन पाळ्या, सकाळी मुली, दुपारी मुलगे. त्यामुळे बहीण घरी येते तेव्हा भाऊ बाहेर पडतो, आणि दोघं भेटतात ती रात्री जेवताना. पाळ्यांची शाळा काही फक्त गरीब देशाची मक्तेदारी नाही, हे मला तिथे कळलं. दारातून लिफ्ट, लिफ्टमधून बस, बसमधून वर्ग. वर्ग थंड, प्रयोगशाळा चकचकीत, बाई मायाळू. मारणं नाही. मुलीनं पुढे शिकावं की नाही, हा प्रश्नच कुणाच्या घरात निघत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझ्या सातवीतल्या त्या आठजणी मला आठवतात. आखाताच्या पैशानं आमच्या मोहल्ल्यात पक्की घरं आली हे लोकांना दिसतं. मुलींची फी आली, हे कमी दिसतं.

पण मुलांना खेळायला जागा होती ती मजल्यावरच्या लांब बोळात. बाहेर पंचेचाळीस अंश. तिथे भाचीची जिवलग मैत्रीण होती ती समोरच्या दारातली, कराचीची. एके दिवशी त्या मैत्रिणीची आजी बोळात येऊन नातीला रागे भरली, आणि भाची धावत घरात आली, "अम्मी, त्यांची नानी आपल्या नानीसारखी ओरडते!" कोकणातून कराचीला गेलेली कुटुंबं आहेत, त्यांची तिथे वस्तीही आहे. त्या आजी तसल्याच एका घरातल्या. नंतर माझी आई तिकडे गेली तेव्हा दोघी म्हाताऱ्या सुकेळी खात तासन्‌तास बोलत बसायच्या. (वसईहून शारजाला जाताना सुकेळी न नेणं हा आमच्याकडे गुन्हा आहे.) पण सकाळी पावणेसहाला त्याच फाटकासमोर दोन बसगाड्या उभ्या राहत. एक भारतीय शाळेची, एक पाकिस्तानी शाळेची. दोघी मुली हात सोडून आपापल्या बसमध्ये चढत. एकीला एक इतिहास, दुसरीला दुसरा. दोघींना मिळून अरबी, ती सक्तीचीच. आणि ज्या भाषेत दोघींच्या आज्या ओरडत होत्या, ती दोन्ही शाळांत नव्हती.

तिच्या वर्गातल्या मल्याळी मुली सुट्टीच्या दिवशी मातृभाषेच्या वर्गाला जात. केरळ सरकारनं २००९ मध्ये मलयाळम मिशन नावाचा उपक्रम सुरू केला, त्याचे ते वर्ग. मराठीचा असा वर्ग तिला जवळपास मिळाला नाही. तिची पुस्तकं केंद्रीय मंडळाची. त्यात गंगा होती, गोदावरी होती, मान्सून होता. मान्सून तिनं पाठ केला होता, आणि शाळेला पावसाची सुट्टी मिळाली की तिला तो आनंदाचा दिवस वाटे. पंधरा ऑगस्ट तिथे मोठ्या सुट्टीत येतो. ध्वजवंदनाला आपण इथे भिजत, कागदी झेंडा छातीशी धरून जातो. तिला ते फक्त चित्रातून माहीत. २ डिसेंबरला मात्र त्या देशाचा राष्ट्रीय दिवस, तो ती झेंडे लावून साजरा करायची. आपला नसलेला, पण समोर दिसणारा देश. आणि आपला, पण सुट्टीत पाहिलेला देश. तिथे जन्मलं म्हणून तिथलं होता येत नाही. मूल वडिलांच्या व्हिसावर राहतं. २०२२ मध्ये नियम सैल झाले, आता मुलग्याला पंचवीस वर्षांपर्यंत राहता येतं. त्याआधी मुलाचा अठरावा वाढदिवस जवळ आला की आईबापांची धाकधूक सुरू व्हायची. वडिलांची नोकरी गेली की मुलाचा देश गेला.

२०२० मध्ये तेच झालं. मार्चपासून शाळा घरात, मेमध्ये मेहुण्यांची नोकरी गेली. जूनच्या शेवटी वंदे भारतच्या विमानानं बहीण दोन्ही मुलांना घेऊन आली. मेहुणे काम शोधायला मागे राहिले. भाची तेव्हा आठवीत होती, तेरा वर्षांची. तिथल्या शाळेची काही फी थकली होती, म्हणून शाळा दाखला देईना. इथल्या इंग्रजी शाळांनी फीचा आकडा सांगितला तेव्हा बहीण जागची उठली. मग अनुदानित मराठी शाळा, सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून, मराठी पहिली भाषा. पैशांपायी मराठी शाळेत जाणारी आमच्या घरातली ही दुसरी मुलगी, आणि दोघीही आठवीत.

मी तिच्यासोबत गेले होते. तोंडाला मास्क, मध्ये काच. मुख्याध्यापिका कायदा जाणणाऱ्या निघाल्या. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलंच आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, आणि तो कायदा आठवीपर्यंत लागू आहे. आणखी एक वर्ष गेलं असतं तर ते कलम आमच्या कामाचं राहिलं नसतं. कारकुनानं नोंदवहीत लिहायला घेतलं. जन्मगाव? शारजा. तालुका?

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "खाला, तालुका म्हणजे काय?"

कारकून भला माणूस. थोडा वेळ विचार करून त्यानं 'निरंक' लिहिलं. जिल्हा, निरंक. मला हसू आलं, कारण माझ्या दाखल्यावर सोपारा, तालुका वसई, जिल्हा ठाणे असं लिहिलेलं आहे, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून सोपारा पालघर जिल्ह्यात आहे. मी जागची हलले नाही आणि माझा जिल्हा बदलला. पण तिला हसू आलं नाही. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "निरंक म्हणजे?" काही नाही, म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कुठलीच नाही?"

याला चटकन द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला मराठी शिकवायला घेतलं. हिंदीमुळे अक्षरं येत होती. अडला तो ळ, आणखी कोण? ती शाला म्हणाली आणि मी थबकले. हिंदीमुळे म्हणाली असेल, पण माझी आई शेजारच्या खोलीतून ओरडली, "बरोबर तर बोलतेय!" घरात मराठीची अशी दोन विद्यापीठं सुरू झाली. आई सांगेल ते बोलायचं, मी सांगेन ते लिहायचं. चाचणीत ती आजीचे शब्द लिहून आली आणि सगळे लाल शाईत खोडून आले. ती रडली नाही, चिडली. "हे मराठी नाही तर नानी काय बोलते?" हा प्रश्न भाषातज्ज्ञांनी ऐकावा असा आहे. पुढे २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मलाही आनंद झाला. पण त्या लाल शाईखाली आलेले शब्दही तितकेच जुने असतील, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरातल्या शाळा उघडल्या आणि ती पहिल्यांदा प्रत्यक्ष वर्गात बसली, नववीत. साठ-पासष्ट मुलींच्या वर्गात. पहिला आठवडा कान दुखले म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती मला महत्त्वाची वाटते. ती चालत घरी आली. रिक्षा नाही, कुणी घ्यायला नाही. तीन मैत्रिणींबरोबर, वाटेत कैरीचे काप घेऊन, चाळीस मिनिटं उशिरा. बहीण दारात रडकुंडीला आलेली. आणि ही सांगते आहे, कुठल्या गल्लीत कुणाचं घर, कुठला कुत्रा भुंकतो पण चावत नाही, तलावापाशी कुठून वळलं की लवकर येतं. चौदा वर्षांत तिनं प्रथमच एक रस्ता स्वतःच्या पायांनी पाठ केला होता.

पावसाळ्यातील एक दिवस, या विषयावर निबंध आला. तिनं शारजाचा लिहिला. पाऊस पडला म्हणून बाईंनी शिकवणं थांबवलं आणि आम्ही सगळ्या पाऊस बघायला व्हरांड्यात गेलो, असं. बाईंनी समासात लिहिलं, 'हे खरं आहे?' तिनं खाली लिहून पाठवलं, 'हो. तुमच्याकडे शिकवणं का थांबवत नाहीत?' जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या होत्या, तेव्हा आमच्याकडेही सगळं थांबलं होतं. पण पाऊस बघण्यासाठी नव्हे. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला.

मार्च २०२३ मध्ये ती दहावीला बसली. मराठीत एकाहत्तर गुण. मेहुण्यांना तोवर दुबईत पुन्हा काम मिळालं होतं आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. घरात आठ दिवस वाद झाले. मेहुण्यांचं म्हणणं, तिथे पुढचं शिक्षण चांगलं. ते खोटं नव्हतं. बहिणीला नवऱ्यापाशी राहायचं होतं, तेही बरोबरच होतं. भाची म्हणाली, "तिथे मी पप्पांच्या व्हिसावर असेन. इथे मी कुणाच्या व्हिसावर नाही." ती नानीजवळ राहिली. वसईत कॉलेजला जाते. तिला शारजाची आठवण येत नाही असं नाही. उन्हाळ्यात लाइट गेली की फार येते.

कराचीची मैत्रीण आता परत कराचीला आहे. दोघी फोनवर बोलतात. मैत्रिणीची आजी आवाज भरून पाठवते, भाची तो माझ्या आईला ऐकवते, आई उत्तर देते, आणि मधले शब्द ही मुलगी वहीत देवनागरीत उतरवून ठेवते. आत्तापर्यंत दोनशेच्या वर झाले आहेत. शाळेला ल लावायचा की ळ, यावर त्या वहीत दोन्ही लिहिलेलं आहे. सतरा शब्दांबद्दल दोन्ही आज्यांचं अजून एकमत झालेलं नाही.